मालवाहू गाडी घेण्यापूर्वी ओझें मोजावें

सोयाबीनची मळणी आटोपून कपाशीची वेचणी सुरू झाली, कीं टेंभुर्णी व जाफराबाद भागांतील शेतकऱ्यांच्या बोलण्यांत एक विषय हटकून निघतो. तो म्हणजे स्वतःची मालवाहू गाडी घेण्याचा. त्यांत २२ सप्टेंबर २०२५ पासून मालवाहू मोटारींवरील जी.एस.टी. २८ टक्क्यांवरून १८ टक्क्यांवर आणि ट्रॅक्टरांवरील १२ टक्क्यांवरून ५ टक्क्यांवर उतरल्यामुळें ह्या विचारास अधिकच जोर आला आहे. गाडी घ्यावी कीं नाहीं, घेतल्यास कोणती घ्यावी, डिझेलचीच कां घ्यावी, तिच्यामागें ट्रॉली जोडतां येईल काय, असे प्रश्न आमचे वाचक वेळोवेळीं विचारतात. कोणा एका कंपनीचें नांव सांगून ह्या प्रश्नांस उत्तर देणें सोपें आहे. परंतु तें योग्य नाहीं. आमच्या मतें हा प्रश्न मुळांतच उलट्या बाजूनें विचारला जातो. घेणारा प्रथम इंजिनाची शक्ति विचारतो व ओझ्याचा विचार मागाहून करतो. वास्तविक ओझें आधीं मोजावें, रस्ता नंतर पाहावा, वर्षांतले कामाचे दिवस त्यानंतर गणावे, आणि इंजिनाकडे सर्वांत शेवटीं वळावें. हा क्रम चुकल्यामुळें पुष्कळांचा पैसा अडकतो व कित्येकांचा जीवही धोक्यांत येतो. म्हणून ह्या बाबतींत चार शब्द स्पष्टपणें लिहिणें आम्हांस अवश्य वाटतें.

डिझेल इंजिन आमच्या शेतकऱ्यास नवें नाहीं. रुडॉल्फ डिझेल ह्यांचें पहिलें यशस्वी इंजिन १८९७ सालीं जर्मनींतील आउग्सबुर्ग येथें चाललें, तेव्हां जळणांतील सुमारें २६ टक्के शक्ति कामास आली. वाफेचीं इंजिनें त्या मानानें पुष्कळच मागें होतीं. आपल्याकडे १९४६ सालीं पुण्याजवळ खडकी येथें किर्लोस्कर ऑइल इंजिन्स ही कंपनी निघाली आणि पुढें मोटेची जागा विहिरीवरच्या ऑइल इंजिनानें घेतली. ह्या इंजिनांत ठिणगी नसते. हवा तिच्या मूळ आकाराच्या सोळाव्या-अठराव्या हिश्शापर्यंत दाबली जाते, त्या दाबानें ती तापते, आणि तींत फवारलेलें तेल आपोआप पेट घेतें. फेऱ्या कमी असतांनाही ह्या इंजिनास चांगला जोर राहतो, आणि जड ओझें जागचें हलवितांना हाच गुण उपयोगी पडतो. तेव्हां रोज जड माल वाहावयाचा असेल तर डिझेल घ्यावें, हें म्हणणें रास्त आहे. परंतु हा गुण बाजारांतील सर्वच डिझेल गाड्यांत असल्यामुळें त्यावरून एकीची निवड करून दुसरी टाकतां येत नाहीं.

आतां अश्वशक्तीचा हिशेब एकदां करून पाहूं. गाडी, माल व माणसें मिळून ३,५०० किलो वजन आहे असें धरूं. सपाट डांबरी रस्त्यावर शंभरास दीड ह्या मानानें तें ओढण्यास सुमारें ५० किलोंचा जोर लागतो. वीस फुटांस एक फूट असा चढ आला, कीं वजनाचा विसावा भाग, म्हणजे १७५ किलो, त्यांत मिळतो; एकूण झाले सुमारें २२५. हा चढ सेकंदास दहा मीटर, म्हणजे ताशीं ३६ किलोमीटर वेगानें चढावयाचा तर दहानें गुणून २,२५० येतात. आणि एक अश्वशक्ति म्हणजे ७५, ह्या हिशेबानें ३० अश्वशक्ति पुरे होतात. गिअर व आंस ह्यांतील घट धरली तरी चाळिसाच्या वर आंकडा जात नाहीं. टेंभुर्णीहून राजूरमार्गें जालन्याच्या मोंढ्यास जावें किंवा देऊळगांव राजा, चिखलीकडे वळावें, ह्या मुलखांत माल नेण्यास इंजिन अपुरें पडलें असें सहसा होत नाहीं. अपुरे पडतात ते पाटे, टायर, आंस आणि ब्रेक.

हीच गोष्ट कंपन्यांच्या कागदांवरूनही दिसून येईल. अशोक लेलँडच्या २०२० सालीं निघालेल्या ‘बडा दोस्त’ गाडीचें इंजिन अवघें दीड लिटरचें आहे, तरी तिच्या मोठ्या प्रकारास १,८०० किलोंच्या वर माल नेण्याची मुभा आहे. टाटांच्या ‘योद्धा’स २.२ लिटरचें इंजिन आहे. तिचे १,२०० किलोंपासून २,००० किलोंपर्यंत वेगवेगळे प्रकार आहेत. महिंद्रांच्या ‘बोलेरो मॅक्स’ पिकअपच्या २०२३ सालीं आलेल्या मोठ्या मालिकेंत इंजिन अडीच लिटरचें असून ओझें १,३०० किलोंपासून २,००० किलोंपर्यंत आहे. एकाच इंजिनावर ओझ्याचे निरनिराळे आंकडे दिसतात, तेव्हां हे आंकडे इंजिनानें ठरविलेले नाहींत हें उघड आहे. याच्या उलट टोयोटाची ‘हायलक्स’ पाहावी. तिच्या इंजिनाचा जोर ह्या सर्वांच्या दुपटीच्या आसपास व किंमत कितीतरी पट. परंतु तिला येथें जेवढा माल वाहण्याची मुभा आहे तेवढा ह्या साध्या गाड्यांपुढें फारच थोडा. ती निराळ्या कामाची गाडी आहे. म्हणून विक्रेत्यास पहिला प्रश्न विचारावा तो हा, कीं ह्या प्रकाराचें रिकाम्या गाडीचें वजन किती व नोंदींतील एकूण वजन किती. दोहोंमधील जें अंतर, तेंच आपलें ओझें. आणि त्यांत चालक, हमाल, ताडपत्री व मागाहून बसविलेला लोखंडी सांगाडा हींही मोडतात.

ह्यापुढें ओढण्याचा, म्हणजे मागें ट्रॉली जोडण्याचा प्रश्न. अमेरिकेंतील शेतकरी आपल्या पिकअपमागें जनावरांची किंवा यंत्रांची मोठी ट्रॉली जोडून शेंकडों मैल जातो, हीं चित्रें आतां येथील तरुण मंडळी नेहमीं पाहतात आणि तसेंच येथें करावें असें त्यांना वाटूं लागतें. परंतु तिकडील कंपन्या गाडी किती वजन ओढील ह्याचा निराळा आंकडा देतात, आणि तेथील बहुतेक राज्यांत ठराविक वजनापुढील ट्रॉलीस स्वतःचे ब्रेक असावे लागतात. आपल्याकडील साध्या पिकअप ह्या पाठीवर ओझें वाहण्यासाठीं बांधलेल्या आहेत. गांवच्या वेल्डिंगच्या दुकानांतून हुक लावून घेतल्यानें ती ओढणारी गाडी होत नाहीं. तसेंच ट्रॉली हें कायद्यानें स्वतंत्र वाहन असल्यामुळें तिची नोंद वेगळी करावी लागते.

बैलगाडी हांकलेल्या माणसास ह्यांतील मर्म लवकर समजेल. साट्यांत माल मागें जास्त भरला तर गाडी उलार होते व जूं बैलांच्या मानेवरून उचललें जातें. पुढें जास्त भरला तर मानेवर दाब येतो. दोन चाकांच्या ट्रॉलीचेंही तसेंच आहे. तिच्या एकूण वजनाचा सुमारें दहावा हिस्सा हुकावर पडावा, असा सर्वसाधारण नियम आहे. मागें ओझें जास्त झालें कीं ट्रॉली पुढच्या गाडीचें ढुंगण उचलते, मागच्या चाकांची पकड जाते आणि वेग वाढतांच ती डावी-उजवीकडे झोले खाऊं लागते. बैल ताशीं चार किलोमीटर चालत, म्हणून उलार गाडीनें फारसें बिघडत नसे. ताशीं पन्नासावर तीच चूक जीव घेते.

थांबण्याचा हिशेब तर चढण्याहून कठीण आहे. वेग दुप्पट झाला कीं ब्रेकांनीं जिरवावयाची शक्ति चौपट होते. ताशीं तीस ऐवजीं साठ किलोमीटर वेगानें उतरणारी भरलेली गाडी चौपट जागा घेतल्यावांचून थांबत नाहीं. ट्रॅक्टरचे ब्रेक बहुधा मागच्या दोन चाकांसच असतात, आणि आपल्याकडील पुष्कळ ट्रॉल्यांस ब्रेक मुळींच नसतात. दोन टनांचा ट्रॅक्टर सहा टनांची ट्रॉली चढावर ओढून नेतो, तेव्हां पाहणाऱ्यास कौतुक वाटतें. पण उतारावर तीच ट्रॉली ट्रॅक्टरास रेटूं लागते आणि चालकानें ब्रेक दाबतांच त्यास आडवा करते. अशा वेळीं इंजिन पंचेचाळीस अश्वशक्तीचें होतें कीं पंचावन्न, ह्यास कांहीं अर्थ उरत नाहीं. आम्ही वारंवार सांगूं इच्छितों, कीं ओझें ओढणें हें निम्मेंच काम आहे. तें मनांत येईल तेथें थांबवितां येणें हें उरलेलें निम्में काम होय.

ह्यावरून कामाची वांटणी आपोआप होते. शेतांतून पक्क्या रस्त्यापर्यंतचें काम ट्रॅक्टराचें आणि रस्त्यापासून मोंढ्यापर्यंतचें काम पिकअपचें. आपली काळी जमीन पावसांत कशी होते, हें येथील माणसास सांगावयास नको. मऊ मातींत तेंच ३,५०० किलो वजन ओढावयास शंभरास दहा, प्रसंगीं वीस ह्या मानानें जोर लागतो. म्हणजे साडेतीनशें ते सातशें किलो. जोर इंजिनांत असला तरी पिकअपचीं अरुंद चाकें तो मातीस देऊं शकत नाहींत. तीं जागच्या जागीं फिरून खड्डा करतात. चारही चाकांस जोर देणारे प्रकार कंपन्या काढतात व ज्यांची पाणंद अजून कच्ची आहे त्यांनीं त्यांचा विचार अवश्य करावा. तथापि त्यांची जादा किंमत व जादा निगा हीं लक्षांत घेतां, ट्रॅक्टरानें पोतीं बांधाबाहेर आणून रस्त्यावर गाडींत भरणें हेंच पुष्कळांस स्वस्त पडेल. उलट ट्रॅक्टर-ट्रॉली घेऊन रात्रीं हमरस्त्यानें जालन्यास जाणें, मागें दिवा नाहीं, परावर्तक पट्टी नाहीं, ही चाल आतां सोडली पाहिजे. शेतीच्या नांवें नोंदलेला ट्रॅक्टर भाड्याच्या मालास लावला आणि अपघात झाला, तर विमा कंपनी दाव्यास हरकत घेते, हेंही लक्षांत असावें.

येथें आमचे कांहीं वाचक म्हणतील, कीं हें सर्व खरें, परंतु ठरलेल्या ओझ्यावर गाडी चालविल्यास भाडें परवडत नाहीं; सतरा क्विंटलांच्या गाडींत तीस क्विंटल घातले तरच दोन पैसे सुटतात. हा आक्षेप हंसण्यावारी नेण्यासारखा नाहीं, कारण बाजारांतील भाडें जादा ओझें भरणाऱ्यांनींच खालीं आणलेलें असतें आणि सरळ चालणाऱ्यास त्याचा भुर्दंड पडतो. तथापि त्याचा पुरा हिशेब मांडावा. मोटार वाहन कायद्याच्या १९४ व्या कलमाप्रमाणें जादा ओझ्यास वीस हजार रुपये दंड आहे. शिवाय प्रत्येक जादा टनास दोन हजार, आणि जादा माल तेथेंच उतरविण्याचा खर्च मालकाकडे. दंड प्रत्येक वेळीं होत नाहीं हें आम्हांस ठाऊक आहे. परंतु पाटे बसणें, आंसाचे बेअरिंग जाणें, क्लच जळणें, टायर फाटणें, हे दंड मात्र चुकत नाहींत. जालन्याजवळून गेलेला समृद्धि महामार्ग ५ जून २०२५ रोजीं मुंबईच्या बाजूपर्यंत पूर्ण खुला झाला, तेव्हांपासून मोसंबी थेट दूरच्या बाजारीं न्यावी असें पुष्कळांस वाटतें. विचार चांगला आहे. पण जादा ओझ्यानें दबलेला टायर तापलेल्या काँक्रीटवर तासन् तास धांवला, कीं तो आंतून तापत जातो आणि फुटतो. चार क्विंटल अधिक मोसंबीसाठीं हा धोका पत्करूं नये.

आतां दिवसांचा हिशेब. दहा एकरांच्या एका शेतकऱ्याचें उदाहरण घेऊं. पांच एकर सोयाबीन, एकरीं आठ क्विंटल धरल्यास चाळीस क्विंटल. तीन एकर कपाशी, तितकाच उतारा धरल्यास चोवीस क्विंटल. उरलेलें चारा व घरखर्चाचें पीक. सतरा क्विंटलांच्या गाडीनें सोयाबीनच्या तीन फेऱ्या होतात. कापूस हलका, पण जागा फार खातो, म्हणून त्याच्याही तीन फेऱ्या धरूं. वर्षांत सहा फेऱ्या झाल्या. ह्या सहा फेऱ्यांसाठीं त्यानें सात लाखांचें कर्ज साडेदहा टक्क्यांनीं पांच वर्षांसाठीं काढलें, तर महिन्याचा हप्ता सुमारें पंधरा हजार येतो. म्हणजे गाडी दारांत उभी असो वा रस्त्यावर चालो, रोज सुमारें पांचशें रुपये द्यावेच लागतात. विमा, कर, चालकाचा पगार व डिझेल निराळें. ह्यापेक्षां सहा वेळां भाड्याची गाडी करणें कितीतरी स्वस्त. ज्याचा भाजीपाला, दूध किंवा शेडनेटमधील माल रोज अथवा एक दिवसाआड बाजारास जातो, किंवा जो इमानानें भाड्याचा धंदा करणार आहे, त्यासच स्वतःची गाडी परवडेल. केवळ शेजाऱ्यानें घेतली म्हणून, किंवा दारांत शोभा म्हणून ती घेणें हें आपल्या हातानें जमीन गहाण टाकण्याची पहिली पायरी आहे.

मधला मार्ग आहे आणि तो आपल्या परंपरेंतलाच आहे. एकाचा एक बैल व दुसऱ्याचा एक बैल अशी जोडी करून सावडीनें पेरण्या करणारा हा मुलूख आहे. दहा-बारा जणांच्या गटानें, अथवा शेतकरी उत्पादक कंपनीनें एक चांगली गाडी ठेवली, तर वरच्या हिशेबानें सहांच्या साठ-सत्तर फेऱ्या होतात व उरलेले दिवस गाडी भाड्यास लावतां येते. मात्र चालक एकच नेमावा, फेऱ्यांची वही ठेवावी, आणि सुगींत पाळी कोणाची हें सुगीपूर्वींच लिहून ठरवावें. कारण सर्वांचें सोयाबीन एकाच आठवड्यांत निघतें आणि सामाईक वस्तूवरची भांडणें त्याच आठवड्यांत होतात. ६ नोव्हेंबर २०२४ रोजीं सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठानें निर्णय दिल्यापासून हलक्या मोटारीचा परवाना असलेल्या चालकास ७,५०० किलोंच्या आंतील मालवाहू गाडी वेगळ्या परवान्यावांचून चालवितां येते. त्यामुळें चालक मिळण्याची अडचणही कमी झाली आहे.

शेवटीं, घेण्याचें ठरल्यास काय पाहावें तें थोडक्यांत सांगतों. १ एप्रिल २०२० पासून विकल्या जाणाऱ्या नव्या डिझेल गाड्यांस भारत स्टेज सहाचे नियम लागू आहेत. ज्या गाडीच्या धुराड्यांत काजळी धरणारी गाळणी आहे, ती रोज दोन-तीन किलोमीटरच धांवत असेल तर गाळणी तुंबते. तिला अधूनमधून लांब व सलग धांव द्यावी लागते. कित्येक गाड्यांस युरियाचें तयार द्रावण निराळ्या टाकींत घालावें लागतें. तेथें शेतांतला युरिया पाण्यांत कालवून घालण्याचा मोह धरूं नये. कॅनमधील भेसळीचें डिझेल जुन्या इंजिनानें पचविलें, नवें पचविणार नाहीं. गाडी पाहावयास जातांना ती रिकामी चालवून निर्णय देऊं नये. आपल्या ओळखीच्या कोणाकडे तोच प्रकार असेल तर ती नोंदींतील ओझ्यानिशीं भरून, उतारावर खालच्या गिअरांत उतरवून, ब्रेक कसे धरतात तें पाहावें. पाट्यांची संख्या, टायरांवर लिहिलेलें त्यांचें ओझें, सुटे भाग जालन्यांत मिळतात कीं त्याहून दूर जावें लागतें, आणि सुगीच्या दिवसांत गाडी बंद पडल्यास दुरुस्तीस किती दिवस लागतात, हे प्रश्न अश्वशक्तीच्या प्रश्नाआधीं विचारावे.

आमच्या शेतकऱ्यानें यंत्राकडे पाठ फिरवावी असें आमचें म्हणणें नाहीं. मोट गेली, नांगर बदलला, आणि त्यांत त्याचें हितच झालें. परंतु बैल विकत घेतांना जो माणूस बाजारांत दांत पाहतो, खूर पाहतो, जुंपून पाहतो आणि मग मोल करतो, तोच माणूस बैलाच्या कितीतरी पट किमतीची गाडी केवळ जाहिरातींतील आंकड्यावर घेतो, ह्याचें आम्हांस नवल वाटतें. ह्या सुगींत प्रत्येकानें आपल्या घरून किती क्विंटल माल, किती दिवस, कोणत्या वाटेनें गेला, हें एका कागदावर लिहून ठेवावें. गाडी घ्यावी कीं नाहीं व कोणती घ्यावी, ह्याचें उत्तर त्या कागदावरच मिळेल. आणि ज्यांस तें एकट्यानें काढतां येत नसेल त्यांनीं चार शेजाऱ्यांचे कागद एकत्र मांडून पाहावे, अशी आमची सूचना आहे.